रकाना सातवा

मार्चअखेर. विद्यापीठाला तक्ता हवा:
विधी शाखा, उत्तीर्ण एकेचाळीस, सध्या काय करतात.

मी फोन लावत बसतो.
तांडेल खेडच्या कोर्टात; सनद आली, अशील नाही.
पेवेकर बँकेत. चोगले उचलत नाही.

सबीहा मुकादम उचलते, मागे हर्णैचा लिलाव.
"सर, सुरमईचा भाव चाललाय, लवकर विचारा."
पदवीशी संबंधित काम? होय की नाही?
ती हसते. "काल बोटीच्या विम्याचा कागद
बारा जणींना वाचून दाखवला,
खालची बारीक अक्षरंसुद्धा.
दोघींनी सही केली नाही.
हे कुठे बसतं?"

कुठेच बसत नाही.
प्राचार्य म्हणतात, स्वयंरोजगार लिहा, टक्का वाढतो.

मी तूर्त पेन्सिलने 'होय' लिहितो.
शाईचं सोमवारी बघू.

चोगले अजून उचलत नाही.