फेरफार

बाप जिंतूरच्या तहसीलबाहेर अर्ज लिहायचा,
लिंबाखाली, पत्र्याच्या पेटीवर.
एका कान्यापायी माणसं अकरा-अकरा वर्षं यायची:
सातबाऱ्यावर वाघमोडेचं वघमोडे झालं,
तेवढ्यानं जमीन पोरकी.

मी तीनशे कोटी अक्षरांत एक शोधते.
पीएच.डी.चं पाचवं वर्ष.

पेशी सेलूच्या रुद्राक्षच्या. आठ महिन्यांचा.
बीसीजी टोचली त्या बाजूला काखेत गाठ आली,
फुटली, मग वाहायची थांबलीच नाही.
आधीचे दोघं असेच गेले, तेव्हा
सासू म्हणाली, हिची कूसच... आणि तोंड फिरवलं.
कोमल विचारते, ताई, चूक माझी का त्यांची?
मी म्हणते, नक्कल उतरवणाऱ्याची.
प्रबंधात असं लिहिता येत नाही.

आज शंभरात बावीस पेशींत अक्षर जागेवर बसलं.
तीन ठिकाणी कात्री भलतीकडंच चालली.
सर म्हणाले, आधी भलतीकडचं मोज.
बापही हेच सांगायचा:
दुरुस्ती करताना शेजारच्या गटाला हात लागला
की एकाची दोन भांडणं.

रुद्राक्ष मागच्या मंगळवारी गेला.
फोनवर कोमल काही बोलली नाही,
मागं पिठाची गिरणी चालू होती.

डबीवर नाव लिहायचं नसतं.
नमुना सात, एवढंच.
आतल्या पेशी सदतीस अंशांत वाढताहेत अजून.
उद्या सकाळी त्यांचं खाद्य बदलायचंय.