डब्याची कडी

कुळेंच्या यार्डात डबा उभा, त्याला रेलून शाबू मोरजकर,
माझे वडील. पांढरी विजार, बोटांत विझलेली विडी.
फोटो पोस्टकार्डाएवढा. त्यातला माणूस मला पाठ आहे;
भिंग धरतो ते मागच्या डब्यावर.

मीटरगेज, खनिजाचा, चार चाकांचा, उघडा.
फळ्या नाहीत, पत्रा. रिव्हेटच्या दोन ओळी.
टेबलावर तोच करतोय मी, काडेपेटीहून जरासा लांब.
तांबडा रंग तीनदा खरवडला.
शेवटी सावर्ड्याच्या रस्त्याकडेची धूळच
चाळून गोंदात कालवली.

मग साल ठरवायचं.
नंबराचे शेवटचे आकडे वडिलांच्या खांद्याआड गेलेले,
पण खाली, चाकाच्या वर, दुरुस्तीची तारीख,
चुन्यासारखी पांढरी:
मार्च चौसष्ट.

आई सांगायची, पोर्तुगीज गेले त्याच महिन्यात
तो बसऱ्याला गेला, बोटीने,
मी पाळण्यात होतो.

भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं.
चाराचा एक होत नाही.

एका केसाच्या ब्रशने तीच तारीख घातली डब्यावर.
दाराची कडी तेवढी फोटोत दिसत नव्हती,
ती जुन्या आराखड्यात असते तशी
उजवीकडे बसवली.

आईपुढे ठेवला. विचारलं काहीच नाही.
तिने तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला,
फिरवून पाहिला, बराच वेळ.
‘कडी दावेकडेन आशिल्ली,’ म्हणाली,
आणि बोटाला लागलेली तांबडी धूळ
लुगड्याला पुसली.