शनिवारी फेन्ना येणार

डाळीचं पीठ एव्हर्टनं आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलं
ते एडे गावातल्या सुरिनामी दुकानातून.
गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, किती जणांसाठी?
दोन, तो म्हणाला,
आणि दोन हा केवढा मोठा आकडा आहे
असं वाटून गप्प झाला.

बाईनं पावतीच्या मागे लिहून दिलं:
पीठ वाटीभर, पाणी त्याहून थोडं जास्त,
हळद चिमूटभर, गुठळ्या मोडा,
पंधरा मिनिटं झाकून ठेवा. घाई नको.
मग वरच्या फळीवरून एक पुडी काढली.
काळं मीठ. वास घेऊन बघा.
त्यानं घेतला,
आणि त्या अरुंद दुकानात त्याच्याभोवती
अकरा हजार कोंबड्या उभ्या राहिल्या.

एकेचाळीस वर्षं.
साडेचारला दिवे, पाचला पट्टा सुरू,
अंडी थरथरत सरकत यायची,
कोमट, एखाद्याला पीस चिकटलेलं.
तडा गेलेली घरी.
बायको होती तेव्हा रोज ऑम्लेट,
ती गेल्यावरही रोज ऑम्लेट.
एका हातानं फोडायचा, न बघता.

मग त्या नोव्हेंबरात पांढरे पोशाखवाले आले.
कुठल्या तळ्यावरच्या रानबदकांचा ताप
शेडपर्यंत पोचला होता म्हणे.
दारं चिकटपट्टीनं बंद केली, नळ्या लावल्या, वायू सोडला.
फेन्ना नऊ वर्षांची. वरच्या खिडकीत.
तिनं आधी आवाज ऐकला,
आणि मग आवाज नसणं ऐकलं.
तेव्हापासून ती अंडं खात नाही.
पुढे दूध सुटलं, लोणी सुटलं.
आठ वर्षं झाली, या घरात येते
ती स्वतःचा डबा घेऊन.

शुक्रवारी रात्री सराव.
वाडगा घेतला, आणि हात आपोआप
काठावर आपटायला गेला.
मुठीत काही नव्हतं.
अंगठा तरी भेग शोधत राहिला.

पहिलं तव्याला धरून बसलं.
दुसरं उलटताना मधोमध फाटलं;
त्यानं पिठाला, तव्याला, आणि उगाचच
बार्नेव्हेल्डच्या नगरपालिकेला शिवी हासडली.
तिसऱ्याला आच कमी केली
आणि काठ सुटेपर्यंत
हात मागे बांधून उभा राहिला.
सुटले.
पिवळंधमक, आत लीकच्या हिरव्या चकत्या,
आणि वास? हुबेहूब तोच.
रात्री पावणेअकराला एकटाच हसला.

शनिवारी ताटली पुढे ठेवली.
फेन्नानं काटा उचलला, नाकाशी नेला,
खाली ठेवला.
ओपा, याला तोच वास येतोय.

इतका खटाटोप करून त्यानं
नेमकं तेच बनवलं होतं
जे तिनं टाकलं होतं.

नवं पीठ भिजवलं. साधं मीठ.
पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं होतं,
आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.
सातव्या की आठव्या मिनिटाला तिनं विचारलं,
त्यांना नावं होती?
अकरा हजारांना कुठली नावं.
मग, बऱ्याच वेळानं:
एक लंगडी होती.
पट्ट्याखालून यायची. बुटाची नाडी ओढायची.
नाव नव्हतं. पण मी नाडी
मुद्दाम सैल ठेवायचो.

घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.
पीठ पंधराऐवजी चाळीस मिनिटं मुरलं,
म्हणूनच की काय, पहिल्याच झटक्यात उलटलं.

तिनं एक खाल्लं. दुसरं मागितलं.
याला काय म्हणायचं?
ऑम्लेट तर नाही.
नाहीच.
(मला ठाऊक आहे याचं नाव,
तव्यावर चर्र वाजताच ओळखलं होतं.
पण या गोष्टीत मला कुणी विचारलेलं नाही.)

ती भांडी घासत होती तेव्हा
त्यानं सकाळची थंड ताटली ओढून घेतली,
काळ्या मिठाची,
आणि रिकाम्या शेडकडे तोंड करून
शेवटच्या कडेपर्यंत, सावकाश,
एकट्यानं संपवली.