अनोळखी डायोड

उद्यमबागेत शटर अर्धं ओढून
भिंगाखाली धरलाय जुन्या जीपचा बोर्ड.
लवंगेएवढा काळा तुकडा,
नंबर जळून गेलेला,
एका टोकाला पांढरी रेघ. तीही अर्धी.

जागेवर मोजू नकोस, मी भरमूला सांगतो,
शेजारचे मधे बोलतात.
एक पाय उचल त्याचा, मग विचार.

कथिल वितळतं. राळेचा धूर.
काळी प्रोब रेघेकडे, लाल दुसरीकडे:
पॉइंट सहा एक.
"हौदु," म्हणतो भरमू.
प्रोब उलट केल्या. मीटर गप्प.
"इल्ला."

जिवंत आहे म्हणजे. पण कोण?
साधा का झेनर, एवढ्यानं कळत नाही की.
रेघ प्लसला, मधे एक रेझिस्टन्स,
सप्लायचा नॉब दमानं फिरवतो.
नऊ. बारा. सोळा.
अठरावर थांबला.
बावीस दिले, तरी अठराच.

वहीत मी लिहितो झेनर,
खाली भरमू त्याच्या लिपीत तेच लिहितो,
18 तेवढा दोघांत एकदाच.

"मग बिघडलंय काय, मालक?"

हा नव्हे, एवढं कळलं.
पाय परत टेकवतो त्याचा जागेवर,
फुंकर मारतो,
आणि बोर्ड उलटा करतो.