दरडोई

पत्रात लिहिलंय: एकोणीस डोकी.
दरडोई इतके रँड, दरडोई इतके तास.
मी मात्र इथं हात शिकवतो,
आणि दरहाती असा रकाना
ईस्ट लंडनच्या कचेरीत कुणी आखलेला नाही.

म्दांत्सानेतली ही पत्र्याची शेड. मशिनं चार,
त्यातलं एक मनात आलं तर चालतं.
आधी पोरं ठिणगीला भितात,
मग एक दिवस काच न लावताच बघतात,
मग रात्रभर डोळ्यांत वाळू.
सकाळी पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून
भिंतीला टेकून रांगेत बसलेली.
मी हसलो नाही. एकविसाव्या वर्षी
मीही तसाच बसलो होतो.

झिझिफोचा हात सगळ्यांत आधी बसला.
म्हणाली, म्थोबेली सर, जोड नीट चालला ना,
की आई टॅक्सीच्या थांब्यावर अमाग्विन्या तळते
तस्सा आवाज येतो.
तेल कमी तापलं की गप्प,
जास्त तापलं की शिव्या.
तीस वर्षं कारखान्यात घालवून
मला हे सांगता आलं नव्हतं.

फेब्रुवारीचा भत्ता आलाच नाही.
अथेन्कोसी नदीपलीकडून चालत यायचा.
अकरा दिवस आला.
बाराव्या दिवशी बुटाचा तळ गेला
आणि नेमके त्याच दिवशी साहेब मोजायला आले.
अठरा, म्हणाले.
गळती: एक. कारण: रस नाही.
पेनाला टोपण लावलं.

एकतीस मार्चला पैसे संपतात.
सपाट जोड झाला, आडवा झाला, उभा जमत आलाय.
राहिला डोक्यावरचा.
मान मोडून वर बघत
वितळलेलं लोखंड पडू न देता
वरच्या वर धरून ठेवायचं,
चार थेंब कॉलरमधून पाठीवर घ्यायचेच.
त्याच्याशिवाय बंदरात कुणी उभं करत नाही.
जहाजाला भोक पोटाखालीच पडतं.

म्हणजे सरकारनं आपल्याला पाऊण वेल्डर केलं,
सिवुयिले म्हणाला.
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, जरा जास्तच वेळ.

आज शनिवार. किल्ली सोमवारी परत करायची.
कपाटात एकशे तेहतीस कांड्या उरल्यात.
मी एकोणिसांनी भागलं, अठरांनी नाही.
सात-सात येतात.

अथेन्कोसी भावाचे बूट घालून आलाय,
दोन नंबर मोठे, पुढे कागद कोंबलेला.
काच खाली ओढतो. मान वर करतो.
पहिली कांडी वाया. दुसरीही,
कॉलर झटकत एक अस्सल शिवी.
तिसरीला मी सांगायचं थांबवतो,
डोळे मिटतो
आणि नुसतं ऐकतो,
तेल किती तापलंय.