पान त्रेसष्ट

तिसरं पुस्तक पुण्याहून आलं, मंगळवारी.
खोक्यावर लिहिलंय, सात दिवसांत परत करता येईल.
आज शनिवार.
खोकं अजून फोडलेलं नाही.
शिवणयंत्राखाली सरकवून ठेवलंय,
नणंद आली तर दिसू नये अशा जागी.

पहिलं पुस्तक शाळेतलंच. शाळा सुटली
तेव्हा ते सोबत आलं, माहेरच्या भांड्यासारखं,
वापरात असो नसो.
दुसऱ्यात रंगीत पट्ट्या होत्या, ठोकळे,
आणि पानोपानी एक हसरा ससा.
लोहित म्हणाला, हा का हसतोय?
तेव्हापासून मीही त्या सशाकडे बघत नाही.

आम्ही पान त्रेसष्टवर आहोत.
जानेवारीपासून.
आता अशोक चौकात रसाच्या गाड्या लागल्यात
आणि दुपारी फरशीसुद्धा तापते.

मी म्हणते त्रेसष्ट. तो लिहितो ३६.
कानाला आधी तीन ऐकू येतो, हात आधी तीन काढतो.
त्याचं चुकतंय कुठे, मला सांगता येत नाही.
शेजारी पोशव्वा विड्यांचे कट्टे मोजते,
अरवै ओकटि, अरवै रेंडु, अरवै मूडु,
साठ आधी, मग सुटे.
तिच्या भाषेत माझा मुलगा पास झाला असता.

पाणी चार दिवसांआड येतं.
पुढचं कधी, हे घरात फक्त त्याला माहीत असतं.
बुधवारी रात्री. नळ उघडा ठेव, आई.
हे गणित कुठल्या पानावर आहे?

आणि अन्विता.
सात वर्षांची. दाराआड बसून
सातचा पाढा ओठांतल्या ओठांत म्हणते,
दादाला ऐकू जाऊ नये म्हणून.
परवा मी तिला विचारलं, सात सक?
तिने त्याच्याकडे पाहिलं
आणि म्हणाली, माहीत नाही.
त्या रात्री मला झोप आली नाही.

नणंद म्हणते, सारखी चूल बदलून भात शिजतो का.
पण चूलच विझलेली असेल तर, वन्सं?
आणि ओलं लाकूड मीच असेन तर?
हे तिला म्हटलं नाही. चटणी वाढली.

श्रीहरी कारखान्यातून आला, कानांत कापूस,
भुवयांवर टॉवेलचा पांढरा कोंडा.
त्याला विचारलं, नवा बीम चढवता
तेव्हा जुना ताणा कापून फेकता का?
म्हणाला, छे. जुन्याची टोकं मागावर तशीच ठेवतात.
नव्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडायचा.
दोन हजार चारशे गाठी.
किती वेळ लागतो?
हात चांगला असेल तर एक दिवस.
आणि त्या दिवसाची मजुरी?
तो हसला. माग बंद, मजुरी कसली.

जेवणं झाल्यावर मी खोकं फोडलं.
ससा नाही. कागद जाड. वास चांगला.
पहिल्यांदा उघडलं ते पान त्रेसष्टच.
तिथे घड्याळ आहे.
घड्याळ त्याला येतं.

मग दोन्ही पुस्तकं मिटली
आणि खडूने फरशीवर काढलं, हातभर मोठं,
६३.
लोहित भोवती फिरला. पायाचा अंगठा
तीनच्या पोटात घातला. म्हणाला,
हे दोघं समोरासमोर बसलेत. बोलतायत.
मी शेजारी काढलं ३६.
हे भांडलेत, म्हणाला. पाठ केलीय.
दाराआडून अन्विता हसली, मोठ्याने.

मंगळवारी कुरियरवाला येईल.
काय सांगायचं त्याला, अजून ठरलेलं नाही.
दिवा घालवताना लोहितने विचारलं,
आणि चौसष्ट?
सहाच्या समोर चार काय करतोय?

मी म्हटलं, झोप.
खरं म्हणजे मलाही ते माहीत नाही.