पात्रपरिचय

लिहून घे, पण सावकाश.
सिनेमाचं नाव विचारू नकोस.
नावाची पाटी पहिल्याच आठवड्यात जळली,
पुढं अख्ख्या पिला हाऊसात
त्याला ‘कापसाचा खेळ’ म्हणत.

मी पाट्या वाचायचो.
पडद्याच्या डाव्या अंगाला, सोड्याच्या खोक्यावर उभा,
हातात वेताची छडी.
अमेरिकेतली माणसं नुसते ओठ हलवायची,
काळ्यावर पांढरी अक्षरं यायची,
आणि त्यांचं मराठी माझ्या घशातून.
इंग्रजी माझी चार बुकं.
उरलेलं सोराबजी मॅनेजर शनिवारी दुपारी
चहाची बशी फुंकत समजावायचा, तेही अर्धं गुजरातीत.

दोन आणेवाले पडद्यासमोर, एक आणेवाले पडद्यामागे.
मागच्यांना अक्षरं उलटी दिसत.
त्यांची तक्रार नव्हती,
सुलटीही त्यांना तेवढीच वाचता येत.
फक्त बाईची अंगठी कुठल्या हातात,
यावरून एकदा बाहेर मारामारी झाली.

हां, पात्रं.
नायिका मिल्ड्रेड ऑर्न. माझ्या तोंडी मिलदुरी.
तिचा बाप कुणी बार्लो. दाढीचा डिंक दिसायचा.
मुकादम, हॉरेस ग्रीव्ह. हा आला की कासमभाई
पेटीचे सूर सोडून नुसता भाता दाबायचा,
झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा.
बाळ कुणाचं होतं ठाऊक नाही.
ते मात्र खरंखुरं रडत होतं.

चौथ्या रिळात बाळाला ताप.
मिलदुरी औषधाचे पैसे मागायला
रात्रीची मुकादमाच्या घरी निघते,
आणि वरून पांढरं पडायला लागतं.
पहिल्या रात्री मागून आवाज आला,
मास्तर, ते काय पडतंय?
बर्फ म्हणावं, तर बर्फ म्हणजे भुश्यात गुंडाळलेली लादी.
ती काय आभाळातून पडते?
मी म्हणालो, कापूस.

थेटर गप्प.
मग रिंगखात्यातला राघू चाळके बोलला,
बरोबर आहे. आमच्याकडं बी असाच पडतो.
बायकांच्या चिकाआड कुणी खोकलं,
मग आणखी कुणी.
ती पुढं का मरते
ते मला सांगावं लागलं नाही.

आता नीट लिही.
ती पोचते. दार उघडतं.
एक मोलकरीण कंदील वर धरते,
तिच्याकडं बघते, आत बघते, दार लावून घेते.
एवढंच काम. पाटी नाही, नाव नाही.
तरी मी तिला एक वाक्य दिलं होतं,
‘थांब बाई, विचारून येते.’
बरोबर सात मोजेपर्यंत बसायचं.

फिल्म तुटायची. पास्कू ऑपरेटर कात्रीनं कापून जोडायचा.
शिमग्यापर्यंत पाच राहिले, गणपतीत तीन.
वाक्य बसेना.
दार लागल्यावरही मी अंधारात बोलत असायचो,
‘…विचारून येते.’
शेवटच्या खेळाला नुसता हात, कंदील आणि बंद दार.
नवे लोक म्हणाले, वाऱ्यानं लागलं.

मग बोलपट आला.
मला कुणी काढलं नाही,
फक्त कुणी बोलावलं नाही.

लिहिलंस? ऑर्न, बार्लो, ग्रीव्ह.
कासमभाई घाल, पास्कू घाल.
खाली एक ओळ कोरी सोड.
नाव मी ठेवलं होतं तिचं,
सांगणार नाही.
ती अजून विचारायला गेलीय.